उतरंड: वर कोण, खाली कोण आणि भार कुणावर

काही दिवसांपूर्वी एका कार्यालयाचं माहितीपत्रक मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक तक्ता होता. सगळ्यांत वर संचालक, खाली व्यवस्थापक, त्याखाली पर्यवेक्षक आणि तळाला मदतनीस. तक्त्याच्या डोक्यावर 'हायरार्की' हा शब्द. मी बिनधास्त लिहून टाकलं, 'संस्थेची उतरंड'. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन. "अहो, शब्द बरोबरच असेल, पण वाचलं की आम्ही माणसांना दाबून ठेवतो असं वाटतं. दुसरं काहीतरी द्या ना." मी 'पदरचना' दिलं, काम मिटलं. पण बाईंचा कान माझ्यापेक्षा तिखट होता हे मान्य करावंच लागलं. शब्दकोशात दोन्ही शब्द शेजारी बसतील. वाक्यात बसत नाहीत.

का बसत नाहीत, हे कळायला आधी मडकी बघावी लागतात.

उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. जुन्या घरात माजघराच्या नाहीतर कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती असायची. तळाला सगळ्यांत मोठा डेरा, तो डुगडुगू नये म्हणून खाली चुंबळ. त्याच्या तोंडावर त्याहून लहान मडकं, त्यावर गाडगं, असं करत करत सगळ्यांत वर हाताच्या ओंजळीत मावेल एवढं बोळकं. आत कडधान्य, पुढच्या पेरणीचं बियाणं, कीड लागू नये म्हणून मिसळलेली राख. घरातल्या बाईने चार पैसे लपवायचे तेही याच मडक्यांत कुठेतरी. प्रत्येक मडकं खालच्याचं झाकण आणि वरच्याची बैठक, अशी दोन्ही कामं करतं. लग्नाच्या मांडवात बोहल्याच्या कोपऱ्यांवर रंगवलेल्या मडक्यांची जी चळत लावतात, तीही उतरंडच.

या रचनेत दोन गोष्टी आहेत, आणि शब्दाचा सगळा अर्थ त्यांतून आलेला आहे. एक, सगळ्यांत वरचं भांडं सगळ्यांत लहान असतं आणि सगळ्यांत खालचं सगळ्यांत मोठं. दोन, तळाच्या मडक्यातलं मूठभर काढायचं तर वरची सगळी मडकी एकेक करून खाली उतरवावी लागतात. वरच्या बोळक्याला मात्र कधीही हात घालता येतो. माणसांच्या समाजाला हा शब्द पहिल्यांदा कुणी लावला ते सांगता येणार नाही. पण ज्याने कुणी लावला, त्याने कधीतरी उतरंडीतल्या तळाच्या मडक्यातून डाळ काढलेली असणार.

शब्दाच्या तोंडीच 'उतर' असल्यामुळे ऐकणाऱ्याची नजर आपोआप वरून खाली येते. शाळेच्या गणितात मात्र आपण 'उतरता क्रम' म्हणतो, 'उतरंड' म्हणत नाही. 9, 7, 4, 2 हा उतरता क्रम झाला. नऊचा भार सातवर पडत नाही. सात काढून टाकला तरी चारला काही होत नाही. इथे मला एक साधी कसोटी सापडली, आणि तेव्हापासून शब्द निवडताना मी तीच लावतो: यातलं एक काढून घेतलं तर बाकीच्यांचं काय होतं?

रांगेतून पहिला माणूस गेला की दुसरा आपोआप पहिला होतो. हा झाला क्रम. आंब्यांच्या ढिगातून मोठी फळं उचलून नेली तरी मधली मधलीच राहतात, बारीक बारीकच. ही प्रतवारी. बाजार समितीत कांद्याची जी होते ती हीच. उतरंडीतलं वरचं मडकं काढलं तर खालच्याचा भार हलका होतो, आणि तळाचं काढलं तर सगळंच खाली येतं. क्रमात जागा महत्त्वाची, प्रतवारीत माल महत्त्वाचा आणि उतरंडीत भार.

चौथा प्रकार याच भांड्यांनी दाखवता येतो. तीच मडकी एकावर एक न ठेवता डबीत डबी घालावी तशी एकात एक घातली तर? महाराष्ट्रात 6 महसुली विभाग, त्यांत 36 जिल्हे, त्यांत 358 तालुके. तालुका जिल्ह्याच्या खाली नसतो, आत असतो. पुण्याच्या नकाशावर जुन्नर शोधताना कुणी पुण्याच्या खाली बघत नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकातलं वर्गीकरणही असंच: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. आंब्याचं झाड एका जातीत आहे, म्हणून ते एका प्रजातीत आहे, म्हणून एका कुलात आहे. काजूही त्याच कुलातला. यात कुणी कुणाच्या डोक्यावर बसलेलं नाही. पण तक्ता काढताना आपण तो वरून खाली काढतो आणि मग बोलताना 'खालचा स्तर' म्हणून जातो. कागदाला वरची आणि खालची बाजू असते, त्यामुळे ही गफलत होते.

मौज म्हणजे त्याच महसूल खात्यात नकाशा डबीत डबीसारखा आणि माणसं उतरंडीसारखी. तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त. सातबाऱ्यावरची नोंद चुकली की ज्याला पायऱ्या मोजत जावं लागलं आहे, त्याला ही यादी तोंडपाठ असते. अपील खालून वर जातं, आदेश वरून खाली येतो. राज्यशास्त्राची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं याला 'पदसोपान' म्हणतात. सोपान म्हणजे जिना. शब्द भारदस्त आहे, पण त्यात एक आश्वासन दडलेलं आहे: जिना आहे म्हणजे चढता येतं. (निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडांची नावं ओळीने वाचली तर तीही एक वाटच सांगतात, आणि त्यात जिना मुक्तीच्या अगदी अलीकडे येतो.) कारकुनाचा अव्वल कारकून होतो, अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार होतो, म्हणून तिथे पदसोपान शोभतो. ज्या रचनेत चढताच येत नाही, तिला तो शब्द लावला तर ते धडधडीत खोटं होईल.

'अव्वल' आला म्हणून सांगतो. वर-खाली लावण्याचे आपले निम्मे शब्द फारसी-अरबीतून दफ्तरात आले आणि दफ्तरातून घरात शिरले. पेशवाईतल्या कागदांत जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लिहिलेली सापडते, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. त्यातला अव्वल अगदी अलीकडेपर्यंत तहसील कचेरीत कारकुनाच्या पुढे लागत असे, आणि दुय्यम हा घर किंवा जमीन खरेदी करायला गेलं की 'दुय्यम निबंधक' म्हणून भेटतो. गंमत अशी की दुय्यम निबंधक हे सरकारी पद आहे, त्यात कमीपणा कुणाला वाटत नाही. पण 'मला घरात दुय्यम वागणूक मिळते' म्हटलं की तोच शब्द लागतो. कचेरीत तो आकडा आहे, घरात अपमान. सीम मात्र कागदातच राहिला.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची वेगळीच गोष्ट. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ यांतला शेवटचा 'इष्ठ' हा मुळात 'सगळ्यांत' असं सांगणारा प्रत्यय आहे. ज्येष्ठ म्हणजे सगळ्यांत थोरला, कनिष्ठ म्हणजे सगळ्यांत धाकटा. हाताच्या बोटांत करंगळीला कनिष्ठिका म्हणतात ते याच हिशोबाने. मराठीत येता येता तो 'सगळ्यांत' झिजला. आता शहरात लाखो ज्येष्ठ नागरिक असतात आणि कनिष्ठ महाविद्यालयं गल्लोगल्ली. 'सर्वश्रेष्ठ' हा खरं तर डबल तिखट घातलेला शब्द आहे, पण श्रेष्ठ एकटा पुरेनासा झाला त्याला कोण काय करणार? जुन्या अर्थाने तो चुकीचा ठरवून लोकांना दुरुस्त करत फिरणाऱ्यांच्या मी वाटेला जात नाही. 'वरिष्ठांशी बोलून सांगतो' या वाक्यातला वरिष्ठ सगळ्यांत वरचा नसतो. फक्त आपल्याला टाळायला पुरेसा वरचा असतो.

श्रेणीचा प्रवास तर उलटाच झाला. वेतनश्रेणी, प्रथम श्रेणी अशा जोड्यांमुळे आज श्रेणी म्हटलं की वरचा-खालचा दर्जा डोळ्यांसमोर येतो. पण श्रेणी म्हणजे मुळात ओळ, रांग. डोंगरांची श्रेणी आपण अजून म्हणतो. आणि प्राचीन काळी श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. नाशिकच्या लेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इ.स.च्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले: 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. म्हणजे तेव्हाची श्रेणी माणसाची पायरी ठरवत नव्हती, चक्क मुदत ठेव सांभाळत होती. एकाच धंद्यातले सारखे लोक असा अर्थ असलेला शब्द आज 'तू वरच्या श्रेणीतला, मी खालच्या' असं सांगायला वापरतात.

या सगळ्यांत मला आवडतो तो 'मान'. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा, कारण ते ग्रामदैवत. दुसरा तांबडी जोगेश्वरीचा, ती ग्रामदेवी. मग गुरुजी तालीम, मग तुळशीबाग आणि पाचवा केसरीवाडा. खुद्द टिळकांच्या वाड्याचा गणपती पाचवा! गुरुजी तालमीचा गणपती 1887पासूनचा, म्हणजे सार्वजनिक उत्सवाची सुरुवात धरतात त्या 1893च्याही आधीचा, तरी तो तिसरा. त्यामुळे ही ज्येष्ठता नव्हे. मूर्तीची उंची, देखावा, वर्गणी यांच्याशीही संबंध नाही, म्हणून प्रतवारीही नव्हे. आणि पाचव्यावर चौथ्याचा भार नाही, म्हणून उतरंडही नव्हे. हा क्रम आहे, पण नुसत्या क्रमापेक्षा त्यात जास्त काही आहे, कारण रांगेत पुढे घुसलेल्याला आपण दोन शब्द सुनावतो, मानाच्या गणपतीपुढे मिरवणूक काढली तर शहर पेटेल. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या चालतात, त्यांची जागाही अशीच ठरलेली. जागा ठरलेली असणं आणि वर-खाली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वारीत चालणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता आकड्यांविषयी थोडं, कारण वर्तमानपत्रांतून उतरंडीपेक्षा 'क्रमवारी' हा शब्द दहापट दिसतो. विद्यापीठांची क्रमवारी, क्रिकेट संघांची क्रमवारी, स्वच्छ शहरांची क्रमवारी. क्रमवारी सांगते कोण पुढे, कोण मागे. किती पुढे ते सांगत नाही. दहावीच्या बोर्डाची गुणवत्ता यादी निघत होती तेव्हा 'पोरगी बोर्डात आली' म्हणून पेढे वाटले जायचे. त्या यादीतला शेवटचा आणि यादीबाहेर राहिलेला पहिला यांच्यात एखाद्याच गुणाचं अंतर असू शकायचं. पण एकाला पेढे आणि दुसऱ्याला 'थोडक्यात हुकलं'. बोर्डाने ती यादी पुढे बंद केली. अंतर झाकून फक्त क्रमांक दाखवला की छोटा फरक डोंगराएवढा दिसतो, आणि कधी डोंगराएवढा फरक 'पहिला-दुसरा' या दोन शब्दांत गुडूप होतो.

बरोबरी झाली की क्रमवारीची आणखी पंचाईत. 1 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये उंच उडीत कतारचा मुताझ बर्शीम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी बरोबरीत राहिले आणि दोघांनी सुवर्णपदक वाटून घेतलं. मग रौप्य कुणाला? कुणालाच नाही. त्यांच्यानंतरच्या बेलारूसच्या खेळाडूला कांस्य मिळालं. म्हणजे क्रमांक 1, 1 आणि मग थेट 3. आपल्या शाळांत मात्र दोन मुलं पहिली आली की पुढच्याला बाई खुशाल दुसरा क्रमांक देतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. ऑलिम्पिकमध्ये 'तुझ्या पुढे किती जण होते' हे मोजलं. शाळेतल्या बाईंनी 'तुझ्या वर गुणांच्या किती पायऱ्या होत्या' ते मोजलं. निकालपत्रक हातात आलं की आधी यातलं काय मोजलंय ते विचारावं. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

'हायरार्की' या शब्दाकडेही एकदा बघू, कारण अनुवाद करताना घोटाळा तिथून सुरू होतो. तो ग्रीकमधून आलाय. 'पवित्र' आणि 'सत्ता' असे दोन शब्द त्यात जोडलेले आहेत. इ.स. 500च्या सुमारास डायोनिसियस या नावाने लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती लेखकाने देवदूतांच्या नऊ पायऱ्या सांगितल्या, तीन-तीनच्या तीन गटांत, देवाच्या जवळून दूर जाणाऱ्या. तिथून तो शब्द चर्चच्या अधिकाऱ्यांना लागला आणि मग सगळ्याच अधिकाऱ्यांना. म्हणजे त्या शब्दाचा उजेड वरून येतो. वर पवित्र, खाली कमी पवित्र. आपला शब्द कोठीच्या कोपऱ्यातून आलेला. त्यात वरचं बोळकं पवित्र वगैरे काही नाही, ते फक्त वर आहे. त्या कार्यालयातल्या बाईंना जे टोचलं ते हेच. 'हायरार्की' म्हटलं की नजर वरच्याकडे जाते, 'उतरंड' म्हटलं की तळाच्याकडे.

म्हणूनच जातिव्यवस्थेसाठी मराठीत हा शब्द घट्ट बसला. 'जातींची श्रेणी' कुणी म्हणत नाही, 'जातींचा अनुक्रम' म्हटलं तर कुणीतरी हजेरी घेतोय असं वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती: एकेक जात म्हणजे एकेक मजला, पण या मनोऱ्याला शिडीच नाही, ज्या मजल्यावर जन्मावं त्याच मजल्यावर मरावं. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या भाषणातही त्यांनी श्रेणीबद्ध विषमतेचा उल्लेख केला, म्हणजे काहींना उंचावणारी आणि बाकीच्यांना खाली ढकलणारी रचना. नुसती विषमता आणि श्रेणीबद्ध विषमता यांतला फरक मडक्यांवरून चटकन कळतो. दोनच मडकी असती, एक वर आणि एक खाली, तर खालच्याने कधीतरी अंग झटकलं असतं. पण उतरंडीत मधल्या प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतं आणि पायाखालीही कुणीतरी असतं. डोक्यावरचा नकोसा असतो, पायाखालचा सोडवत नाही. वरच्याविरुद्ध सगळे एक का होत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. 1936च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हेच मांडलंय: व्यवस्था मोडली तर काहींचं जास्त जातं, काहींचं कमी, पण तळाचे सोडले तर प्रत्येकाला काहीतरी गमवावं लागतं.

उलट बाजूने बघायचं तर गोविंदांचे थर बघावेत. दहीहंडीला तळाच्या थरात दणकट गडी आणि वर चढत जाईल तसं वजन कमी, शेवटी एकटं हलकं पोर. रचना हुबेहूब उतरंडीची. टीव्हीवर दिसतं ते पोर आणि खांद्याला दुखापत होते ती तळाच्यांची. तरी त्याला कुणी उतरंड म्हणत नाही, थर म्हणतात. कारण दहा मिनिटांनी सगळे खाली उतरतात आणि एकाच ट्रकमधून घरी जातात. उतरंड म्हणवून घ्यायला नुसतं एकावर एक असून भागत नाही, कायमचं तसंच राहावं लागतं.

जुन्या बायकांच्या तोंडी एक म्हण होती: उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा. घरात मडकी रिकामी असली तरी चालतील, नवरा मात्र मानाचा हवा. इथे उतरंड अजून खरी मडक्यांची आहे, समाजाची नाही. पण त्या रिकाम्या मडक्यांशेजारी पाटीलकीचा मान आणून ठेवणारीने दोन्ही अर्थ एकाच ओळीत बसवून टाकले आहेत.

वापरताना घ्यायची काळजी फार नाही. उतरंड स्त्रीलिंगी: ती उतरंड, त्या उतरंडी, उतरंडीच्या तळाशी. ती रचतात, लावतात, ती ढासळते, कोसळते. तटस्थपणे फक्त पदांची यादी द्यायची असेल तर पदरचना, अनुक्रम, ज्येष्ठताक्रम यांतलं काहीतरी घ्यावं. कामं आधी-नंतर लावायची तर प्राधान्यक्रम. मालाला प्रत, संघाला क्रमवारी. उतरंड तेव्हाच, जेव्हा कुणाचा तरी भार कुणावर तरी आहे असं आपल्याला म्हणायचं असतं. ते म्हणायचं नसताना वापरली तर ऐकणारा तरीही तेच ऐकतो.

आणि एक वाक्य माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मजकुरात वरचेवर सापडतं: 'मेहनतीच्या जोरावर त्यांनी कंपनीच्या उतरंडीत झपाट्याने वर चढत शिखर गाठलं.' मी तिथे उतरंड खोडून पायऱ्या करतो. एखाद्याने कारण विचारलंच तर सांगतो, मडक्यांवर चढायला जाऊ नका, फुटतील.